ढाक्यात हरलो, आता पुन्हा कोच बदलायचा का?

कृष्णाकाठ
१९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:१०

काल फुटबॉलमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. अकराव्या मिनिटाला मोरसालिनचा गोल, आणि पुढचा अख्खा सामना आपण तो फेडायच्या खटपटीत. आपल्या छांगटेचा एक फटका त्यांच्या हमझा चौधरीनं गोलच्या तोंडातून डोक्यानं बाहेर काढला, तेवढाच काय तो जीव वरखाली झाला. बांगलादेशकडून याआधी हरलो होतो ते २००३ साली. आशिया कपला पात्र व्हायचं तर ऑक्टोबरातच आटोपलं, मडगावात सिंगापूरनं २-१ नं हरवलं तेव्हा.

कालपासून सांगलीतल्या फुटबॉलच्या सगळ्या ग्रुपांवर एकच रतीब चालू आहे: खालिद जमीलला हाकला. जुलैपर्यंत हीच मंडळी मनोलो मार्केझला हाकला म्हणत होती, त्याआधी स्टिमाचला. जून २०२४ ला स्टिमाच गेला, मार्केझ आठ सामने टिकला आणि त्यात जिंकला फक्त मालदीवविरुद्ध, ऑगस्टपासून जमील. दीड वर्षात तीन कोच, आणि तिघांची जातकुळी वेगळी. स्टिमाच १९९८ च्या वर्ल्डकपात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचा डिफेंडर. मार्केझ पासिंगवाला, हैदराबादला आयएसएल (इंडियन सुपर लीग) जिंकून दिलेला. जमील म्हणजे आधी मागचं दार लावा, मग लांब बॉल आणि सेट पीस, म्हणजे कॉर्नर-फ्री किक. तिघांच्या हाताखाली दुखणं मात्र एकच राहिलं. गोल होत नाही.

जानेवारी २०२४ च्या आशिया कपात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया असे तीन सामने झाले आणि आपल्या खात्यात गोल शून्य. या जूनमध्ये हाँगकाँगला आशिकनं समोर उघडा गोल असताना बाहेर मारला आणि शेवटच्या मिनिटांत पेनल्टीवर हरलो. आता सांगा, तो बॉल आत मारायचं काम मार्केझचं होतं का?

माझं मत सरळ आहे. गोल करणारा तयारच झालेला नाही. २०१४ पासून आयएसएलचा गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. गेल्या हंगामात भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त गोल कुणाचे? छेत्रीचे, १४, वयाच्या चाळिशीत. क्लब पुढे नऊ नंबरला, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी, परदेशी घेतात, मागे सेंटर बॅकलाही परदेशी. उरलेल्या जागा आपल्या पोरांच्या, म्हणून विंगर आणि फुलबॅक ढिगानं आहेत. राष्ट्रीय कोचनं नऊ नंबर आणायचा कुठून, मारुती रोडवरनं?

तुमचं काय म्हणणं?

गावभाग_एक्सप्रेस
१९ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

सपशेल असहमत. कोचनं फरक पडत नाही म्हणणाऱ्यानं रहीमसाहेबांचं नाव घेऊन दाखवावं. सय्यद अब्दुल रहीम होते तोवर १९५१ आणि १९६२ ला एशियाडचं सोनं, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे. जकार्ताला फायनलमध्ये कोरियाला २-१ नं हरवलं तेव्हा जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होती. हा माणूस मूळचा डिफेंडर. रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवला आणि त्यानं गोल केला. हे कोचिंग नाही तर काय? स्वतः रहीमसाहेब कॅन्सरनं पोखरलेले होते, १९६३ ला गेले. त्यानंतर एशियाडचं सोनं पुन्हा नाही.

पुढे बॉब हॉटन. हा माणूस मालमोला १९७९ ला युरोपियन कपच्या फायनलपर्यंत घेऊन गेला होता. आपल्याकडे आल्यावर २००७ आणि २००९ चा नेहरू कप, २००८ चा चॅलेंज कप, आणि २७ वर्षांनी आशिया कपात. पोरं आपलीच होती, आय-लीग या तेव्हाच्या वरच्या लीगमधली.

आणि जमीलबद्दल बोलताय तर ऑगस्टमधलं ताजिकिस्तान विसरलात का? मोहन बागाननं खेळाडू सोडले नाहीत. कोच नवा, शिबिर चार दिवसांचं असल्यासारखं. तरी ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात २-१, आणि ओमानला पेनल्टीवर हरवून त्या स्पर्धेत तिसरे. तेव्हा कुठे गेली होती खेळाडूंची गुणवत्ता?

पेठेतला_पंटर
१९ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

सांगलीकर फुटबॉलवर धागा काढतायत. आता एवढंच बघायचं राहिलं होतं. तुमचं ते व्हॉलीबॉल, कबड्डी, नाटक बरं आहे की ओ. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर या एकदा, पाटाकडील-दिलबहार तालमींची मॅच बघा, मग लिहा.
(कडेला भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.)

कृष्णाकाठ
१९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

पंटर, भडंग आमचंच खाताय, खा निवांत.

गावभाग, रहीमसाहेबांबद्दल दुमत नाहीच. पण त्यांच्या हातात कोण होते ते पण सांगा की. चुनी गोस्वामी, पीके बॅनर्जी, बलराम, तिघंही एकाच वेळी. आणि तेव्हा आशियात फुटबॉल धड उभा राहायचा होता. १९६४ च्या आशिया कपात आपण दुसरे आलो म्हणून छाती फुगवतो, त्या स्पर्धेत संघ होते चार. बाकीचे पुढे गेले, आपण जागेवर राहिलो.

हॉटनचंही पूर्ण सांगा. २७ वर्षांनी आशिया कपात पोचलो ते चॅलेंज कप जिंकून, म्हणजे खालच्या गटातल्या देशांची स्पर्धा जिंकून. दोह्यात काय झालं? ऑस्ट्रेलिया ०-४, बहरीन २-५, कोरिया १-४. शिवाय त्यानं पोरं क्लबांकडून काढून महिनोन्‌महिने शिबिरात ठेवली होती. आज कुठला क्लब देईल? फिफाच्या विंडोत, म्हणजे देशांच्या सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या काळात, दहाएक दिवस मिळतात, त्यातले दोन प्रवासात आणि दोन थकवा काढण्यात. तेवढ्यात माणूस कॉर्नरला कुणी कुठं उभं राहायचं एवढंच शिकवू शकतो.

आकडेमोड
१९ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

दोघांच्याही मुद्द्याला अडचणीचं ठरेल असं एक उदाहरण. स्टिमाचच. सप्टेंबर २०१९ ला दोह्यात, छेत्री आजारी असताना, आशियाई विजेत्या कतारशी ०-०. २०२३ मध्ये इंफाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल कप, बंगळुरूला सॅफ ही दक्षिण आशियाई स्पर्धा, आणि क्रमवारीत शंभराच्या आत. नोव्हेंबरात कुवेतला कुवेतमध्ये जाऊन १-० नं हरवलं. मग दोन महिन्यांत आशिया कपात शून्य गोल आणि मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२. कोच तोच, खेळाडू बहुतेक तेच.

म्हणजे कोच की खेळाडू असा प्रश्न विचारला तर या सहा महिन्यांचं उत्तर कशातच बसत नाही. मला वाटतं २०२३ मध्ये आपण फार चांगले झालो नव्हतो आणि २०२४ मध्ये फार वाईटही झालो नाही. घरच्या मैदानावर, लेबनॉन-कुवेतच्या पातळीवर आपण घासून जिंकतो. त्यावर कुणी आलं की पितळ उघडं पडतं. स्टिमाच २०२३ मध्येच गेला असता तर आज लोक त्याचं नाव हॉटनच्या शेजारी घेत असते.

अवांतर: त्याला मुदतीआधी काढलं म्हणून फेडरेशनला चार लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. कोच बदलणं फुकट नसतं.

सह्याद्री_वारा
१९ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

आणि ज्योतिषी विसरलात काय? संघाची यादी सामन्याआधी ज्योतिषाकडे गेल्याच्या बातम्या २०२३ ला आल्या होत्या. त्या पत्रिकेत ढाका दिसलं नाही वाटतं.

मिरज_जंक्शन
१९ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

मी रेल्वेत होतो, पस्तिशीपर्यंत खेळलो, आता गुडघे बोलतात म्हणून कडेला बसून बघतो. तुमची आकडेवारी वाचली, बरी आहे. मी सामना बघताना फक्त एक गोष्ट बघतो: बॉल पायाशी यायच्या आधी पोरगा मान वळवतो का.

कालचा सामना कुठं मिळाला तर परत लावा आणि बॉलवर नजर ठेवू नका, आपल्या मिडफिल्डरवर ठेवा. डिफेंडरनं पास दिला. पोरगा गोलकडं पाठ करून उभा. बॉल येईपर्यंत तो बॉलकडंच बघतोय. आला, तळव्याखाली दाबला, थांबवला, मग मान वर केली. तोवर मागनं माणूस येऊन चिकटला. मग करायचं काय? जिथनं आला तिथं परत. डिफेंडर वैतागून लांब हाणतो, आणि आपण घरात ओरडतो की कोच लांब बॉल खेळवतोय. अहो, दुसरं काही शिल्लकच राहत नाही.

आता हमझाचं बघा. लेस्टरला लहानपणापासून वाढलेला. बॉल निघायच्या आधी एकदा खांद्यावरनं मागं बघतो, बॉल वाटेत असताना पुन्हा एकदा. येतो तेव्हा अंग अर्धं वळलेलं असतं, आणि पहिल्या टचलाच बॉल मोकळ्या बाजूला. सेकंद-दीड सेकंद वाचतो. सगळा फुटबॉल त्या दीड सेकंदाचा आहे. आणि हे पंचविशीत शिकवता येत नाही. मी प्रयत्न करून बघितलाय, चांगल्या चांगल्या पोरांवर. सरावात करतात, सामन्यात पाय आपला जुन्या वळणावर जातो. आठ ते बारा या वयात जे पायात बसलं ते बसलं.

आणि त्या वयात आपल्याकडं काय होतं ते पण सांगतो. मे महिन्यात इथल्याच एका मैदानावर उन्हाळी शिबिर बघत बसलो होतो. तीसेक पोरं, बॉल तीन. पहिला अर्धा वेळ मैदानाला फेऱ्या. मग तीन रांगा, कोनमधनं ड्रिबल करत जायचं आणि यायचं. एक पोरगा जाऊन येईपर्यंत बाकीचे नऊ रांगेत एकमेकांना ढकलत उभे. तासाभरात एका पोराच्या पायाला बॉल लागला असेल तीन-चार मिनिटं. आणि कोन कधी बॉल हिसकावायला अंगावर येत नाही, म्हणून मान वर करायची गरजच नाही. चार-चारचे सामने लावले असते छोट्या चौकोनात, तर तीच पोरं आपोआप मागं बघायला शिकली असती. शिकवणारा माणूस प्रामाणिक होता हो, घसा बसेस्तोवर ओरडत होता. पण तो शाळेत खो-खो पण घेतो, कबड्डी पण, आणि गोळाफेक पण.

म्हणून कोच महत्त्वाचा की खेळाडू, यावर मी म्हणेन कोचच. पण तो दिल्लीत बसलेला नव्हे.

गावभाग_एक्सप्रेस
१९ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

काका, दंडवत. शेवटी कोचवरच आलात बघा.

द्राक्षबाग_तासगाव
१९ नोव्हेंबर, रात्री ८:४५

दिवसभर बागेत होतो, आत्ता वाचलं. काकांचं म्हणणं आम्हाला लगेच पटतं. एप्रिल छाटणीनंतर काडीत घड धरतो. ऑक्टोबर छाटणी झाली की फक्त कळतं, काडीत काय होतं ते. एप्रिलनंतर पाण्याचं, खताचं, उन्हाचं चुकलं असेल तर ऑक्टोबरात कितीही मारा करा, घड वाढत नाही. जीए या संजीवकात बुडवून मणी फुगवता येतो, एवढंच. नॅशनल कोच हा ऑक्टोबरचा माणूस आहे. ताजिकिस्तानात जमीलनं मणी फुगवला. घड तेवढेच होते.

पण ऑक्टोबरचा माणूस बिनकामाचा असंही नाही. ऐन फुलोऱ्यात डाऊनी रोग आला आणि फवारणी चुकली तर हातातला माल जातो. कोच नवा माल देऊ शकत नाही, असलेला घालवू शकतो. मार्केझ एकाच वेळी गोव्याच्या क्लबचा पण कोच होता, आठवतंय ना? पूर्णवेळ माणूस ठेवायला काय झालं होतं?

पेठेतला_पंटर
१९ नोव्हेंबर, रात्री ९:००

तासगाव +१. हे पटलं. बेदाणा पाठवा.

आकडेमोड
२० नोव्हेंबर, सकाळी १०:१५

काकांनी दाखवलेल्या गोष्टीला लोकसंख्येची जोड देतो. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा सव्वाअठ्ठावीस लाख. मणिपूर राज्य साडेअठ्ठावीस लाख. जवळजवळ बरोबरीचे. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप भारतात झाला, त्या २१ जणांच्या संघात मणिपूरची आठ पोरं होती. मिझोराम तर सांगली जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी, अकरा लाखांच्या आत. तिथनं जेजे, छांगटे, अपुया. २०१७ ला ऐझॉलचा क्लब आय-लीग जिंकला तेव्हा कोच कोण होता? खालिद जमील. म्हणजे खेळाडू घडवणारी व्यवस्था पाठीशी असली की हाच माणूस चॅम्पियन ठरतो. राज्यात २०१२ पासून स्वतःची प्रीमियर लीग, गावागावांत लहान पोरांची लीग, टीव्हीवर सामने.

आपल्याकडे शालेय स्पर्धा बाद पद्धतीनं. तालुक्याला पहिल्याच सामन्यात हरलात की वर्ष संपलं. पुढच्या वर्षी पोराचा वयोगट बदललेला असतो.

आणि क्युरासाव बघितलंत का? कालच पहाटे आपल्या वेळेनुसार जमैकाशी ०-० करून वर्ल्डकपला पात्र. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या एक तृतीयांश. त्यांचे कोच ॲडव्होकाट घरच्या कारणासाठी नेदरलँड्सला गेले होते, सामन्याला हजरच नव्हते. कोच घरी, संघ वर्ल्डकपला!

गावभाग_एक्सप्रेस
२० नोव्हेंबर, सकाळी १०:४०

ही पळवाट झाली. ॲडव्होकाटनं वर्षभर बांधलेला संघ होता म्हणून एक दिवस तो नसला तरी चाललं. आणि क्युरासावचे जवळपास सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले, तिथल्याच अकादमीतले. हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. बेट दीड लाखाचं, पण पोरं डच व्यवस्थेची.

आकडेमोड
२० नोव्हेंबर, सकाळी ११:०५

विरुद्ध कसं? तेच तर म्हणतोय. कुणाच्या अकादमीत वाढला यावर ठरतं. मडगावात आपल्याला दोन गोल मारणारा साँग उई-यंग कोरियात जन्मलेला, नंतर सिंगापूरचा नागरिक झाला. हमझा इंग्लंडच्या अंडर-२१ ला खेळलेला. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, ओसीआय कार्डवाल्याला, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला, खेळता येत नाही. आधी जपानचा अराता इझुमी आला, आता रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला. ढाक्याला संघासोबत होता, पण कागदपत्रं पूर्ण नसल्यानं उतरता आलं नाही.

सह्याद्री_वारा
२० नोव्हेंबर, सकाळी ११:३०

बाहेरनं माणसं आणून संघ सुधारायचा हा कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल संघांचा जुना उद्योग आहे. पंटर सांगतील.

पेठेतला_पंटर
२० नोव्हेंबर, सकाळी ११:३४

ते बोलायचं काम नाही. पण खरं आहे. बाहेरचा खेळाडू आणला की कप येतो, आणि तालमीतलं पोरगं बाकावर बसतं. दोन वर्षं बसलं की मग ते पोलीस भरतीच्या ग्राउंडवर दिसतं.

अजिंक्यतारा
२० नोव्हेंबर, दुपारी १:२०

साताऱ्याहून. एकाच कोचनं काय होतं याचा पुरावा आमच्याकडे आहे. २०२३ ला बर्लिनला तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. कंपाउंड प्रकारात मुलींमध्ये आमची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी विश्वविजेती, आणि पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे सराव करणारे. एका गावातली एक अकादमी, एक माणूस, आणि एका स्पर्धेत दोन विश्वविजेते. ना स्टेडियम, ना परदेशी कोच. मग फुटबॉलवाल्यांनी सगळं व्यवस्थेवर का ढकलायचं?

मिरज_जंक्शन
२० नोव्हेंबर, दुपारी २:५०

सावंत सरांना सलाम. पण तिरंदाजाचं टार्गेट जागचं हलत नाही. तो एकटा हजारो बाण मारून शिकू शकतो. फुटबॉलला समोर आपल्याइतका किंवा आपल्यापेक्षा सरस संघ लागतो, आणि तो वर्षातनं तीस-चाळीस वेळा लागतो. एक उत्तम सर मिरजेत आले तर उत्तम सराव होईल. सामने कुणाशी खेळायचे? दर रविवारी कोल्हापूरला जायचं तर गाडीभाडं कुणी द्यायचं?

मंजिरी_विश्रामबाग
२० नोव्हेंबर, रात्री ९:३०

सोळा प्रतिसाद झाले आता, आणि महिला संघाचं नाव एकदाही नाही! जुलैमध्ये चियांग माईत थायलंडला थायलंडमध्येच २-१ नं हरवून आपल्या मुली २०२६ च्या आशिया कपला पात्र झाल्या, पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. कोच क्रिस्पिन छेत्री, भारतीयच. तुमचे पुरुष घरी बसून बघणार.

आता सांगलीत राहून स्मृतीचं नाव घेतल्याशिवाय कसं राहू. याच महिन्यात क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला, तो आठवा. साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे लागोपाठ तीन सामने हरल्या तेव्हा अमोल मुजुमदारांना किती शिव्या पडल्या? जो माणूस भारतासाठी खेळलाच नाही तो काय शिकवणार, इथपर्यंत. दोन आठवड्यांनी तोच कोच, त्याच पोरी, आणि हातात कप. मधल्या दिवसांत कुणी कोचिंग शिकलं नाही आणि कुणाची गुणवत्ता वाढली नाही. पण २०२३ पासून डब्ल्यूपीएल ही मुलींची क्रिकेट लीग आहे. त्यामुळे दबावाखाली, जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या गोलंदाजांसमोर खेळायची सवय त्या पोरींना आधीच होती. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग केला तो त्या सवयीवर.

माझा मुद्दा सामन्यांचा आहे. फुटबॉलच्या मुलींची लीग किती लहान असते बघा, आणि तरी त्या पात्र ठरल्या. पुरुषांचं तर आज नोव्हेंबर संपत आला तरी आयएसएल सुरूच नाही. फेडरेशनचा व्यावसायिक भागीदाराशी केलेला करार संपत आला, नवा झाला नाही, आणि देशातली सर्वोच्च लीग बंद. ज्या संघातल्या पोरांना धड हंगामच मिळालेला नाही तो ढाक्यात जिंकावा ही अपेक्षा कोचकडून करायची?

कृष्णाकाठ
२० नोव्हेंबर, रात्री १०:२०

मंजिरीताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला पाहिजे.

आता माझं म्हणणं थोडं नेमकं करतो. आपली पोरं लहानपणी वाईट नसतात. ऑगस्ट २०१८ आठवतंय? आपल्या अंडर-२० नं स्पेनमध्ये अर्जेंटिनाच्या अंडर-२० ला २-१ नं हरवलं, आणि त्याच सुमारास अंडर-१६ नं इराकला. तोच अंडर-१६ संघ त्या वर्षी आशियात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, कोरियाकडून फक्त ०-१. म्हणजे सोळाव्या वर्षी आपण आशियातल्या पहिल्या आठांत. तेविसाव्या वर्षी बांगलादेशशी झुंजतोय. मधल्या सात वर्षांत काय होतं?

अकादमी सुटते. क्लबच्या पहिल्या संघात जागा नाही, राखीव संघांचे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. काका म्हणतात ते आठ-बाराचं खरंच आहे, पण माझ्या मते त्याहून मोठी गळती सतरा ते बावीसमध्ये आहे. २०१७ च्या वर्ल्डकपातली पोरं बघा. जिकसन, सुरेश, अन्वर अली, रहीम अली वर आले. कारण स्पर्धा संपल्यावर त्या तुकडीतल्या बऱ्याच जणांना इंडियन ॲरोज म्हणून एकत्र ठेवून आय-लीग खेळवली. हरायचे, पण दर आठवड्याला मोठ्या माणसांशी खेळायचे. २०२२ ला तो संघ बंद केला. त्यानंतरच्या तुकड्यांचं काय झालं ते तुम्हीच शोधा.

मिरज_जंक्शन
२० नोव्हेंबर, रात्री १०:४५

अन्वर अलीला हृदयाच्या त्रासावरनं थांबवलं होतं, कोर्टात जाऊन परत खेळायला लागला. नावं घेताना तेही लक्षात ठेवा. सगळं व्यवस्थेनं होत नाही, काही पोरं हट्टानं पण टिकतात.

सतरा-बावीसचं मान्य. पण पहिला टच नसलेल्याला ॲरोजमध्ये ठेवून काय उपयोग? या बाबतीत आपलं जमायचं नाही.

गावभाग_एक्सप्रेस
२० नोव्हेंबर, रात्री ११:१०

व्हिएतनाम. एवढंच लिहितो आणि झोपतो. पार्क हांग-सो २०१७ ला तिथं कोच म्हणून आला. २०१८ ला अंडर-२३ आशियाई फायनल, त्याच वर्षी आग्नेय आशियाचा कप, २०१९ ला आशिया कपात उपांत्यपूर्व फेरी. एक कोच.

आकडेमोड
२१ नोव्हेंबर, सकाळी ९:००

आणि त्याच्या आधी दहा वर्षं, २००७ ला, तिथल्या एका क्लबनं आर्सेनलच्या साथीनं अकादमी काढली होती. पार्कला मिळालेली तुकडी त्या आणि तशाच अकादम्यांमधली. तासगावकरांचा एप्रिल.

गावभाग, तुम्ही जागे झालात की इटलीचं पण सांगा. मॅन्चिनी जुलै २०२१ ला युरो जिंकला आणि मार्च २०२२ ला पालेर्मोत नॉर्थ मॅसेडोनियाकडून हरून वर्ल्डकपला मुकला. कोचिंग विसरला होता का?

गावभाग_एक्सप्रेस
२१ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

एक सामना कुणीही हरतं.

आकडेमोड
२१ नोव्हेंबर, सकाळी ९:५२

मग ढाकाही एकच सामना होता.

कृष्णाकाठ
१ डिसेंबर, सकाळी ७:३०

धागा वर काढतोय. काल अहमदाबादला आपल्या अंडर-१७ नं इराणला २-१ नं हरवलं आणि पुढच्या वर्षीच्या आशिया कपला पात्र झाले. आधी एक गोल खाल्ला होता. पेनल्टीवर बरोबरी, मग उत्तरार्धात दुसरा. कोच बिबियानो फर्नांडिस, गोव्याचे. २०१८ च्या त्या अंडर-१६ संघाचे कोचही हेच होते. म्हणजे सोळा-सतराला इराणशी बरोबरीनं खेळतो हे पुन्हा एकदा सिद्ध. आता ही पोरं अठराची होतील तेव्हा खेळणार कुठं, एवढं कुणी सांगा.

द्राक्षबाग_तासगाव
१ डिसेंबर, सकाळी ८:१५

अभिनंदन. काका, मान वळवत होती का पोरं?

मिरज_जंक्शन
१ डिसेंबर, सकाळी ९:४०

दोन-तीन जण वळवत होती. मणिपूरचीच असणार, पैज लावतो. दुसऱ्या गोलच्या आधीचं परत बघा, बॉल घेणाऱ्यानं पहिला टच पुढं घेतलाय, पायाखाली नाही.

आई_कुपवाडची
१ डिसेंबर, सकाळी ११:००

नमस्कार. दोन आठवडे धागा वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा नऊ वर्षांचा आहे, दिवसभर बॉल. सांगली-मिरजेत दोन-तीन ठिकाणी फुटबॉलचे वर्ग आहेत. मला त्यातलं काही कळत नाही. कुठं घालू हे कसं ठरवायचं? एका ठिकाणी वर्षाची फी एकदम मागतात आणि जर्सी फार छान आहे.

मिरज_जंक्शन
१ डिसेंबर, दुपारी १२:३०

ताई, जर्सी सोडा. फी भरायच्या आधी एक दिवस न सांगता जाऊन कडेला बसा. बॉल किती आहेत आणि पोरं किती, ते मोजा. दोन-तीन पोरांत एक बॉल असेल तर ठीक. फेऱ्या मारण्यात किती वेळ जातो ते बघा. लहान गटांत सामने लावतात का, का नुसत्या रांगा? शिकवणाऱ्याला फेडरेशनचं डी किंवा सी लायसन्स आहे का, हे सरळ विचारा. ज्याच्याकडं असतं तो आनंदानं दाखवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या वर्षी नऊ-दहा वर्षांच्या पोरांनी दुसऱ्या संघांशी किती सामने खेळले? उत्तर द्यायला जो अडखळेल तिथं वर्षाची फी भरू नका, महिन्याची भरा.

गोलकीपर करतो म्हणाले तर अजून दोन वर्षं नाही म्हणून सांगा.

पेठेतला_पंटर
१ डिसेंबर, दुपारी १२:४५

आणि ताई, इथली लीग सुरू झाली की एका रविवारी पोराला शाहू स्टेडियमवर घेऊन या. ऊन तोंडावर येईल अशा बाजूला बसू नका. आणि शिव्या कानावर पडतील, त्याची तयारी ठेवा.

आई_कुपवाडची
१ डिसेंबर, दुपारी १:१०

धन्यवाद काका. उद्या संध्याकाळी जाऊन बॉल मोजते. शिव्या त्याला रिक्षावाल्या मामाकडून सगळ्या येतात, त्याची काळजी नाही.